ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी: पुढची पाच-सहा वर्षं डोळ्यासमोर ठेवून पीसी कसा जुळवायचा

जळगावात माझं असेंबलिंग-रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हमखास कार्डाचा: "ताई, एवढ्या बजेटमध्ये कोणतं बसेल?" मी उलट दोन गोष्टी विचारते. काम काय आहे, आणि आत्ताच्या मशीनमध्ये एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज देणारा डबा) कोणता आहे? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगते. कार्डांचा बाजार दोन्ही टोकांकडून आटत चाललाय. खालची स्वस्त कार्डं प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सने संपवत आणलीत. वरची कार्डं घरगुती माणसाच्या हातून निसटून डेटा सेंटरच्या रांगेत गेलीत. मधे जो पट्टा उरलाय, त्यात कार्ड किती वर्षं चालणार हे त्याच्या वेगापेक्षा मेमरीवर जास्त ठरतंय. तेव्हा आपण कुठल्या टोकाला आहोत हे आधी ठरवा, मॉडेल नंबर नंतर.

मुळात कार्ड लागतं का?

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्सवाली कंपनी विकत घेतली, ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका चिपवर आणायच्या इराद्याने. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज हा ग्राफिक्सवाला प्रोसेसर आणला, त्याच वर्षी एएमडीचा लानो आला, आणि तेव्हापासून डिस्प्ले येण्यापुरतं कार्ड टाकायची गरज संपली. तरी आजही कुणी पीसीत जीटी ७१० हे एनव्हिडियाचं जुनं, स्वस्त कार्ड टाकून आणतं, का तर "कार्ड असलेलं बरं". ते कार्ड आजच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सपेक्षा मंद आहे. पैसे देऊन मशीन मागे नेलं, एवढंच.

फ्लेक्स-बॅनरसाठी कोरल ड्रॉ, टॅली, श्रीलिपीतलं डीटीपी, सीसीटीव्ही बघणं, मुलांचा अभ्यास: यातल्या कशालाच वेगळं कार्ड लागत नाही. शंका असेल तर स्वतः मोजा. रोजचं सगळ्यात जड काम सुरू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्सची चिप) बघा. काम अडकलेलं असताना जीपीयू दहा-वीस टक्क्यांवर आणि रॅम नव्वदच्या पुढे असेल, तर तुमचं दुखणं ग्राफिक्सचं नाही. रॅम आणि एसएसडीकडे बघा.

हलकंफुलकं गेमिंग करणाऱ्यालाही आता कार्डाशिवाय भागवता येतं. एएमडीच्या रायझन ७ ८७००जी मधलं ७८०एम ग्राफिक्स जुन्या जीटीएक्स १०५० टीआयच्या आसपास पोचतं. अट एकच: रॅमच्या दोन काड्या लावायच्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. डीडीआर५-६००० च्या दोन काड्या मिळून सेकंदाला सुमारे ९६ जीबी देतात, एकच काडी असेल तर त्याच्या निम्मं. गिऱ्हाईक म्हणतं, "आत्ता सोळाची एकच टाका, पुढे वाढवू." एरवी ठीक आहे, पण अशा मशीनमध्ये आठ-आठच्या दोनच घाला.

प्रोसेसर घेताना नावामागचं 'एफ' हे अक्षर बघून घ्या. आय५ १२४००एफ किंवा १३४००एफ मध्ये ग्राफिक्स चालू नसतं. थोडे पैसे वाचतात खरे, पण कार्ड बिघडून रिपेअरला गेलं की मशीन आंधळं. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना तर मी 'एफ' घेऊच देत नाही. आताचे बरेच कॅमेरे एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून ठेवायची पद्धत) १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतात. हा प्रकार एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. ५० मालिकेत ती सोय आली, २०२५ मध्ये. इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मात्र हे काम ११व्या पिढीपासून करतंय. म्हणजे महागडं कार्ड लावूनही टाइमलाइन अडखळत असते आणि उपाय मशीनमध्येच झोपलेला असतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर, म्हणजे कार्ड असतानाही प्रोसेसरमधलं ग्राफिक्स जागं ठेवणारी सोय, चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर टाका, मग प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलवर टिक करा. पाचोऱ्याचा एक व्हिडिओवाला नवीन कार्डाचे पैसे खिशात घेऊन आला होता. एवढं करून दिल्यावर तो त्या पैशातून दोन एसएसडी घेऊन गेला.

८, १२, १६: हे आकडे येतात कुठून

कार्ड लागतंच आहे असं ठरलं, की सगळ्यात आधी मेमरी बघायची. 'कंपनीने आठच का दिली, दहा का नाही' याचं उत्तर कार्ड उघडून बघितलं की कळतं. हीटसिंक काढलं की मधोमध मोठी चौकोनी चिप आणि तिच्याभोवती काळ्या छोट्या चिपा दिसतात. त्या छोट्या म्हणजे मेमरी. मधल्या चिपपासून प्रत्येक मेमरी चिपकडे ३२ बिटांची वाट जाते. खोक्यावर '१२८ बिट' लिहिलंय म्हणजे अशा चार वाटा, म्हणून चार चिपा. एक चिप २ जीबीची, म्हणून ८ जीबी. आरटीएक्स ४०६० असंच, ५०६० असंच. ५०६० टीआयला १६ जीबी द्यायचं तर वाटा त्याच चार, मग बोर्डाच्या पाठीवरही चार चिपा चिकटवल्या. २०२१ चं आरटीएक्स ३०६० आठवा: १९२ बिट, सहा चिपा, १२ जीबी. ते कार्ड आजही माझ्याकडे मागितलं जातं, त्याचं कारण ह्या सहा चिपा. आरटीएक्स ५०९० ला ५१२ बिट, सोळा चिपा, ३२ जीबी.

पुढे काय येतंय तेही याच हिशेबातून दिसतं. जीडीडीआर७ या कार्डावरच्या नव्या मेमरीत ३ जीबीची चिप आलीय. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०९० ला २५६ बिटांवर २४ जीबी मिळाली ती अशीच, आठ गुणिले तीन. हीच चिप स्वस्त कार्डांवर उतरली की चार वाटांवर १२ जीबी बसेल, आणि ८ जीबीचं कार्ड विकायला कुणाला तोंड राहणार नाही. पण ती उतरणार कधी, हे दुसरीकडे ठरतंय. एनव्हिडियाचं जानेवारी २०२५ ला संपलेलं आर्थिक वर्ष बघा: एकूण विक्री १३०.५ अब्ज डॉलर, त्यातली ११५.२ अब्ज डेटा सेंटरची, गेमिंगची सुमारे ११.४. मेमरी बनवणाऱ्यांचाही ओढा तिकडेच. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की क्रुशल नावाने आपल्यासारख्यांना विकल्या जाणाऱ्या रॅम-एसएसडीचा धंदा बंद करणार. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे उडाले ते ज्यांनी पीसी जुळवला त्यांना सांगायला नको. रॅमचं जे झालं त्याची झळ कार्डावरच्या मेमरीलाही बसते. त्यामुळे 'पुढच्या वर्षी १६ जीबी स्वस्त होईल' या आशेवर मी कुणाला थांबवत नाही.

आठ जीबी भरली की काय होतं? गेम बंद पडत नाही. जे मावत नाही ते मदरबोर्डवरून, रॅममधून ये-जा करू लागतं, आणि इथे सगळं कोसळतं. ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली वाट मात्र पीसीआय एक्सप्रेस ३.० वर, आठ लेनमध्ये (लेन म्हणजे त्या वाटेचे पदर), जेमतेम ८ जीबीची. छप्पन्नपट अरुंद. सरासरी फ्रेम रेट (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) बरा दिसतो, पण गाडी वळवताना, दार उघडताना झटका बसतो. यूट्यूबवरच्या सरासरीच्या तक्त्यात हा झटका दिसत नाही.

गेम बनवणारे मेमरी कशी मोजतात तेही बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत १६ जीबी सामायिक मेमरी आहे. गेम त्या मापाने शिवले जातात. म्हणून माझा ठोकताळा: १०८०पी वर जुने किंवा ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याला ८ चालेल, चार-पाच वर्षं कार्ड ठेवणाऱ्याने १२ च्या खाली उतरू नये, १४४०पी मॉनिटर असेल तर १६. कार्डाचा एक नंबर कमी घ्या, पण मेमरी कमी घेऊ नका. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी घेऊन आलं, म्हणजे स्वस्तात मेमरी देता येते हे सिद्ध झालंय. त्याची एक गोम पुढे सांगते.

घरच्या मशीनवर एआय चालवायचं म्हणणारी मुलंही आता येतात. त्यांचा हिशेब आणखी सोपा. चार बिटांत दाबलेलं मॉडेल दर अब्ज पॅरामीटरमागे (मॉडेलच्या आत साठवलेले आकडे) अर्ध्या जीबीपेक्षा थोडं जास्त खातं. ८ अब्जाचं मॉडेल पाच-सहा जीबीत, १४ अब्जाचं दहाएक जीबीत बसतं. ७० अब्जाला ४० जीबीच्या आसपास लागते. तेवढी मेमरी घरगुती कार्डावर नाही.

मग ती कुठे आहे? ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आणला, त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर जेवतात. विंडोजच्या बाजूला एएमडीचा रायझन एआय मॅक्स+ ३९५ हा २०२५ चा चिप तसाच: १२८ जीबीपर्यंत मेमरी, त्यातली ९६ जीबीपर्यंत ग्राफिक्सला देता येते, वेग सेकंदाला २५६ जीबी. डेस्कटॉपच्या दोन काड्यांच्या जवळजवळ पावणेतीनपट, तरी ५०६० च्या मेमरीपेक्षा कमीच. म्हणजे मोठं मॉडेल मावतं, पण सावकाश चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवायचं ठरवलं आणि इंटेलच्या प्रोसेसरला आरटीएक्स ग्राफिक्सची चिप जोडलेले पीसीचे चिप काढू असं दोघांनी जाहीर केलं. दिशा कळली ना? मधल्या पट्ट्यातलं कार्डही हळूहळू प्रोसेसरच्या शेजारी येऊन बसणार. मला, दुकानदार म्हणून, यात एक गोष्ट टोचते. अशा मशीनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आज ३२ घेतली की जन्मभर ३२. असलं मशीन घ्यायचं ठरवलंत तर मेमरी पहिल्याच दिवशी पोटभर घ्या.

खोक्यावरचे फ्रेम्स कसे वाचायचे

६ जानेवारी २०२५ ला लास व्हेगासच्या सीईएस या प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी देईल. एक १२ जीबीचं, दुसरं २४ जीबीचं. हे शक्य कसं? एक फ्रेम कार्ड खरोखर काढतं आणि तिच्यामागे तीन फ्रेम एआय अंदाजाने भरतं. पडद्यावर चौपट दिसतात. पण माऊस हलवल्यावर मशीनने प्रतिसाद देणं हे खऱ्या फ्रेमवरच अवलंबून. खऱ्या तीस असतील तर एकशेवीस दिसूनही हाताला तीसचाच जडपणा लागतो. खऱ्या साठ-सत्तर असतील, तर हीच सोय छान चालते. तेव्हा तुलना बघताना दोन्ही कार्डांवर फ्रेम जनरेशन, म्हणजे ही एआयने फ्रेम भरायची सोय, बंद असलेलाच तक्ता बघा.

अपस्केलिंगचं वेगळं. कमी रिझोल्युशनवर चित्र काढून ते मोठं करणारी ही युक्ती आता इतकी सुधारलीय की मी स्वतः ती बंद ठेवत नाही. आणि इथे कार्डाच्या निवडीवर खरा परिणाम होतो. एनव्हिडियाने नवं अपस्केलिंग मॉडेल २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपर्यंत मागे दिलं. एएमडीचं अपस्केलिंग, एफएसआर ४, हे २०२५ मध्ये आलं तेव्हा अधिकृतपणे फक्त आरएक्स ९००० मालिकेसाठी. कारण या युक्त्यांना मॅट्रिक्सचे गुणाकार करणारी वेगळी यंत्रणा चिपमध्ये लागते. पुढचं सगळं तिच्यावरच चाललंय: टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) न्यूरल नेटवर्कने दाबून ठेवणं, शेडरमध्येच (रंग-प्रकाश काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) छोटं नेटवर्क चालवणं. विंडोजवरचे गेम ज्यावर चालतात त्या डायरेक्टएक्समध्येही त्याची तयारी सुरू झालीय. म्हणून स्वस्तात मिळालं तरी ही यंत्रणा नसलेली एएमडीची आरएक्स ६००० मालिका आता नव्याने घेऊ नका.

रे ट्रेसिंगला (प्रकाशाचे किरण कसे जातात ते मोजून चित्र काढणं) इतके दिवस मी शोभेची वस्तू म्हणत होते. आता तसं म्हणता येत नाही. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५ चा डूम: द डार्क एजेस, दोन्ही रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. जीटीएक्स १६६० सुपरसारखी कार्डं इथेच बाद होतात.

वॅटचा प्रश्न: एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग

चिप लहान-लहान होत स्वस्त होण्याचे दिवस मागे पडले. २०१६ चं जीटीएक्स १०८० हे १८० वॅटचं होतं. २०२२ चं आरटीएक्स ४०९० ४५० वॅटचं, २०२५ चं ५०९० ५७५ वॅटचं. शेवटची दोन्ही जवळपास एकाच उत्पादन-तंत्रावर बनलीत, म्हणजे वेग वाढला तो मुख्यतः चिप मोठी करून आणि जास्त वीज पाजून. चिपही किती मोठी करणार? छपाईचं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरचंच क्षेत्र उमटवतं, ८५८ चौरस मिलिमीटर. ५०९० ची चिप ७५० वर पोचलीय. एएमडीने २०२२ मध्ये आरएक्स ७९०० मालिकेत चिपचे तुकडे करून बघितले, पण पुढच्या पिढीत पुन्हा अखंड चिपवर आले. सांगायचा मुद्दा, नवीन कार्ड जुन्यापेक्षा कमी वीज खाईल असं गृहीत धरू नका. कार्ड बदलत राहील, एसएमपीएस चांगला घेतलात तर दोन कार्डं पचवेल. पैसा आधी तिथे घाला.

आता तुमच्या कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. बाजारात 'कॅबिनेटबरोबर फ्री' येणाऱ्या एसएमपीएसवर वर ठळक ५०० वॅट छापलेलं असतं. खाली छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात बघा. १८ अँपिअर? १२ गुणिले १८, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही ह्या १२ व्होल्टवरच जगतात. ५०६० ला १४५ वॅट, प्रोसेसरने जोर लावला की नव्वद-शंभर. गणित जुळत नाही. शिवाय कार्ड क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि मशीन नेमकं गेममध्ये रिस्टार्ट होतं. लोक विंडोज फॉरमॅट करत बसतात.

नवा घेताना ६५० वॅट, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड (वीज कमी वाया जाते याचा दर्जा), आणि एटीएक्स ३.१ लिहिलेला बघा. त्यात क्षणिक झटके पेलायची क्षमता धरलेली असते, आणि मोठ्या कार्डांना लागणारी १२व्ही-२एक्स६ वायर थेट मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० च्या वायरींची टोकं वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या, ती या वायरीची आधीची आवृत्ती. वायर पूर्ण आत न बसणं हे त्यातलं एक कारण निघालं. नव्या आवृत्तीत छोट्या पिना आणखी आखूड केल्यात, अर्धवट बसली तर कार्ड वीजच घेत नाही. तरीही टोक 'टक' होईपर्यंत दाबा आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवा, लगेच वाकवू नका. दोनशे वॅटच्या आतल्या बऱ्याच कार्डांना नेहमीचीच ८ पिनची वायर पुरते, त्यांनी याची चिंता करू नये.

यूपीएसचं लोक विसरतातच. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा. तो देतो सुमारे ३६० वॅट, तेही बॅटरी नवी असताना. लाइट गेली, गेम चालू होता, यूपीएसने ओरडून मान टाकली, आणि "ताई, यूपीएस खराब निघाला." खराब नसतो, लहान असतो. कार्डवाल्या मशीनला १००० व्हीएच्या खाली जाऊ नका.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ते 'थोडंफार चालतंच' असं नसतं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर कार्ड नंतर, आधी वायरमन.

जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड

जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात बस इंटरफेससमोर तुमचं कार्ड किती लेनवर आणि पीसीआय एक्सप्रेसच्या कुठल्या आवृत्तीवर चालतंय ते दिसतं. इंटेलच्या १०व्या पिढीपर्यंतचे बोर्ड ३.० चे. आपल्याकडे प्रचंड खपलेला रायझन ५ ५६००जी हाही ३.० वरच अडकतो, बी५५० बोर्डवर लावला तरी. अशा मशीनमध्ये आठ लेनचं ८ जीबीचं कार्ड हे सगळ्यात वाईट जोडकाम, कारण मेमरी भरली की वाटही अरुंद. तिथे मी १२ किंवा १६ जीबीचंच सुचवते, किंवा पूर्ण सोळा लेनचं आरएक्स ९०६० एक्सटी. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, जुन्या बोर्डात त्याचा जीव गुदमरतो.

आता आर्क बी५८० ची गोम. त्याला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, लागतंच. ते नसेल तर कामगिरी इतकी पडते की घेतल्याचा पश्चात्ताप होतो. बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार दोन्ही सापडत असतील आणि प्रोसेसर बऱ्यापैकी नवा असेल, तरच घ्या. आठव्या-नवव्या पिढीच्या आय५ वर नको.

कंपन्यांच्या ऑफिसमधून लिलावात निघालेले ब्रँडेड डबे आपल्याकडे भरपूर येतात. त्यात एसएमपीएस छोटा, वेगळ्या मापाचा, कार्डाला द्यायला वायरच नाही. त्यासाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा, ७० वॅटचं, बाहेरची वायर लागत नाही, स्लॉटवरच चालतं. डबा बारका असेल तर अर्ध्या उंचीचं मॉडेल मागून घ्या.

सेकंडहँड घेताना: जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका सोडून द्या. एनव्हिडियाने त्यांना गेमसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर दिवसरात्र गणितं चालवून ते कमावणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं, त्या वेळची कार्डं अजून फिरतायत. मायनिंगच्या कार्डात चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड आधी जातात. बॅकप्लेटच्या कडेला तेलकट ओघळ दिसले तर पॅड वितळलेत. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर कार्ड उघडलेलं आहे, का उघडलं ते विचारा. समोर फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) पंधरा मिनिटं चालवा आणि नुसतं तापमान नाही, हॉटस्पॉटही (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) बघा. दोघांत वीस-पंचवीस अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट गेलीय, भाव तसा करा. मूळ बिल आणि सीरियल नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्याकडचा उन्हाळा

मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर असतो. कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. पुण्यात ६८ वर चालणारं कार्ड इथे दुपारी ८५ ला टेकतं. म्हणून दोन पंख्यांचं जाडजूड हीटसिंक असलेलं मॉडेल घ्या, पुढून जाळीचं कॅबिनेट घ्या, आणि टेबलाच्या बंद कप्प्यात मशीन कोंबू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, खेळताना लक्षातही येत नाही, पंख्याचा आवाज मात्र निम्म्यावर येतो. धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरा, मगच ब्लोअर मारा. मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं.

थांबायचं का?

हे रोज विचारलं जातं. आज जे मशीन आहे त्यावर काम अडत असेल तर थांबू नका. मेमरीचा बाजार बघता थांबून स्वस्त मिळेल असं मला वाटत नाही. काम अडत नसेल, नुसती हौस असेल, तर आधी एसएमपीएस, यूपीएस आणि मॉनिटर नीट करून घ्या. ते पुढच्या कार्डालाही लागणारच आहेत. आणि कार्ड घेताना पक्कं बिल मागा, १८ टक्के जीएसटीसकट. "बिलाशिवाय दोन हजार कमी" म्हणणाऱ्याकडून घेतलंत तर कार्ड बंद पडल्यावर वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटर पहिलं बिलच मागतं.